तेल अडवलं, युरेनियम वाढलं

डिसेंबर २०१०च्या अखेरच्या आठवड्यात रिझर्व्ह बँकेने मुंबईतून एक आदेश काढला. इराणकडून घेतलेल्या तेलाचे पैसे यापुढे ‘एशियन क्लिअरिंग युनियन’मार्फत देता येणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. ही युनियन म्हणजे आशियातल्या काही मध्यवर्ती बँकांनी १९७४ साली आपसातला हिशेब चुकता करण्यासाठी उभी केलेली व्यवस्था. तिचं मुख्यालय तेहरानमध्ये. त्या काळात भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाचा साधारण आठवा हिस्सा इराणचा असे आणि वर्षाचं बिल १२ अब्ज डॉलरच्या घरात जाई. तेल येतच राहिलं, पण पैसे कोणत्या वाटेने पाठवायचे हे कित्येक महिने ठरेना. हॅम्बुर्गच्या एका इराणी-जर्मन बँकेची वाट काढली, तर युरोपने त्या बँकेवरच निर्बंध घातले. मग तुर्कस्तानची हल्कबँक झाली. शेवटी २०१२मध्ये तोडगा निघाला तो कोलकात्याच्या युको बँकेत. बिलातली ४५ टक्के रक्कम तिथल्या खात्यात रुपयांत जमा करायची आणि त्या रुपयांतून इराणने भारतातूनच माल घ्यायचा.

इराणच्या अणुकार्यक्रमाच्या बातम्यांत आपल्याला बॉम्ब, क्षेपणास्त्रं आणि इशारे दिसतात. पण या वादातली रोजची झटापट बँकखात्यांत, जहाजांच्या विम्यात आणि खरेदीदाराच्या धास्तीत चालत आली आहे. अमेरिकेने इराणी तेलावर पहारा बसवला, तो समुद्रात नौदल उभं करून नव्हे. २०११च्या अखेरीस केलेल्या कायद्याने जगातल्या बँकांपुढे सरळ निवड ठेवली: इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचा व्यवहार कराल, तर अमेरिकी बँकव्यवस्थेचे दरवाजे बंद. ही धमकी पोकळ नव्हती. इराण, सुदान आणि क्युबाशी केलेल्या व्यवहारांपायी फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बँकेला २०१४मध्ये जवळजवळ ९ अब्ज डॉलर दंड भरावा लागला. त्यानंतर कोणती बँक धोका पत्करेल? औषधं आणि अन्न कागदोपत्री निर्बंधांबाहेर होतं, तरी पैसे पोचवायला बँक मिळेना म्हणून इराणी रुग्णांना औषधांसाठी वणवण करावी लागली. हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

बँकांपाठोपाठ विमा. तेलवाहू जहाजाला अपघात झाला, किनाऱ्यावर तेल पसरलं, तर भरपाईची जबाबदारी प्रचंड असते. जगातल्या बहुतेक जहाजांचा हा विमा युरोपात बसलेले मोजके क्लब उतरवतात. जुलै २०१२पासून युरोपीय संघाने त्यांना इराणी तेलाचा विमा उतरवायला बंदी केली. विम्याविना जहाज बंदरात घेणार कोण? २०१३मध्ये तर इराणी तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचाच पुनर्विमा अडला, आणि इराणी तेलाचा आपल्याकडचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या मंगळूरच्या सरकारी रिफायनरीला काही महिने खरेदी थांबवावी लागली. २०११मध्ये इराण दिवसाला सुमारे २५ लाख पिंप तेल बाहेर पाठवत होता. दोन वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला.

युको बँकेतल्या रुपयांचं काय झालं? त्यातून बासमती, चहा, औषधं आणि सोयापेंड इराणला गेली. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाला इराण हा नकाशावरचा लांबचा देश वाटत असेल, पण ती काही वर्षं तो आपल्या पेंडीच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होता. पुढे तेल थांबलं, खात्यातले रुपये आटले आणि ती मागणीही ओसरली.

हा सगळा खटाटोप ज्यासाठी, ते युरेनियम आता पाहू. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंत कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५चे, फक्त सात. बाकीचे किंचित जड. युरेनियमचा वायू करून तो उभ्या नळकांड्यांत प्रचंड वेगाने फिरवला, की जड अणू कडेला सरकतात आणि हलके मधल्या भागात राहतात. सुपात धान्य पाखडावं तसं हे काम, फक्त ते हजारो यंत्रांत, एकामागून एक, महिनोन् महिने करायचं. यालाच समृद्धीकरण म्हणतात. आता हिशेब बघा. सात अणू कायम ठेवून हजारातले आठशे टाकून दिले, की उरलेल्या दोनशेत ते साडेतीन टक्के होतात. वीजकेंद्राला एवढं पुरतं. पस्तीस अणू उरले की वीस टक्के. बारा उरले की साठ. आणि आठ उरले, की बॉम्बच्या लायकीचं नव्वद टक्क्यांच्या आसपासचं युरेनियम. साठवरून नव्वदवर जायला आणखी चारच अणू बाजूला काढायचे असतात. ‘फक्त साठ टक्के’ ऐकून निश्चिंत राहता येत नाही, ते यामुळे.

इराणला हा मार्ग दाखवणाऱ्यांत अमेरिकाच पहिली होती. १९५३मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थांनी उलथवलं, शहांची सत्ता पक्की केली, आणि १९५७मध्ये त्याच शहांशी अणुसहकार्याचा करार झाला. १९६७मध्ये तेहरानमध्ये सुरू झालेली संशोधन अणुभट्टी अमेरिकेने दिलेली आहे. बुशेहरचं वीजकेंद्र जर्मनांनी १९७५मध्ये बांधायला घेतलं. इस्लामी क्रांतीनंतर ते रखडलं, इराकशी झालेल्या युद्धात त्यावर बॉम्ब पडले आणि अखेर रशियनांनी पुरं केल्यावर २०११मध्ये त्याची वीज आली. तेल आणि अणू या दोन्ही गोष्टी इराणी माणसाच्या मनात स्वाभिमानाशी जोडलेल्या आहेत. तेलासाठी त्याने एक निवडलेलं सरकार गमावलं होतं.

तरी इराण निर्दोष नाही. नतान्झचा समृद्धीकरण प्रकल्प २००२मध्ये देशाबाहेरच्या विरोधकांनी उघड केला, तोवर तो लपवलेला होता. कोमजवळ डोंगराच्या पोटात खणलेलं फोर्दो २००९मध्ये पुढे आलं. २००३पर्यंत इराणमध्ये अण्वस्त्राशी संबंधित संघटित काम चालू होतं, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१५मध्ये काढला. भारतानेही २००५ आणि २००६मध्ये या संस्थेत इराणच्या विरोधात मत दिलं. अणुप्रसारबंदी करारावर स्वतः सही न केलेल्या देशाने तसं करावं यावर तेव्हा आपल्याकडे बराच वाद झाला. अमेरिकेशी आपल्या अणुकराराची बोलणी तेव्हा चालू होती, हेही विसरता येत नाही.

२००६मध्ये इराणने १६४ यंत्रांची साखळी चालवून दाखवली. मग संयुक्त राष्ट्रांचे ठराव झाले, निर्बंधांमागून निर्बंध आले, आणि २०१३ सरेपर्यंत यंत्रं १९ हजारांच्या आसपास पोचली. निर्बंधांनी इराणला वाटाघाटींच्या टेबलाशी आणलं, असं त्यांचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण टेबलावर देण्यासारखं काही होतं, म्हणून पुढचं घडलं. १४ जुलै २०१५ला व्हिएन्नात करार झाला. इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर आणायचा, यंत्रं सुमारे सहा हजारांपर्यंत उतरवायची, तपासनीसांना आत घ्यायचं. बदल्यात तेल विकायची मुभा. त्या डिसेंबरात ११ टनांहून जास्त समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला गेलं. भारताने तुंबलेली काही अब्ज डॉलरची थकबाकी २०१६मध्ये चुकती केली. इराण मर्यादा पाळतो आहे, असं अणुऊर्जा संस्थेचे अहवाल एकामागून एक सांगत राहिले.

८ मे २०१८ला अमेरिकेने तो करार मोडला. इराणने कोणती मर्यादा ओलांडली म्हणून नव्हे. करारात क्षेपणास्त्रं नाहीत, लेबनॉन-येमेनमधल्या हस्तकांचा उल्लेख नाही, काही कलमांना मुदत आहे, असे आक्षेप होते. ते आक्षेप खरे होते, पण हातात असलेलं टाकून देण्याइतके मोठे मला वाटत नाहीत. यानंतरच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. २ मे २०१९ला भारतासह आठ खरेदीदारांना दिलेली सूट संपली. २०१८-१९मध्ये सव्वादोन कोटी टनांहून अधिक इराणी तेल घेणारा भारत शून्यावर आला. सहाच दिवसांनी इराणने कराराची बंधनं टप्प्याटप्प्याने सोडत असल्याचं जाहीर केलं. जुलैत ३०० किलोंची मर्यादा ओलांडली, नोव्हेंबरात फोर्दो पुन्हा सुरू झालं, जानेवारी २०२१मध्ये २० टक्के आणि नतान्झच्या घातपातानंतर एप्रिल २०२१मध्ये ६० टक्के.

तेलाचं म्हणाल, तर ते पुरतं थांबलंच नाही. पुढच्या काही वर्षांत इराणचं बहुतेक तेल चीनला जाऊ लागलं. जुनी जहाजं ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतात, मलेशियाजवळच्या समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल ओततात, कागदावर त्याला दुसऱ्या देशाचं नाव मिळतं आणि शांतुंग प्रांतातल्या छोट्या खासगी रिफायनऱ्या ते सवलतीत घेतात. निर्बंध पाळणाऱ्या भारताने जवळचा आणि सोईचा पुरवठादार गमावला. न पाळणाऱ्याला स्वस्त तेल मिळालं. इराणी रियाल मात्र कोसळत गेला. कराराच्या वेळी डॉलरला ३० हजारांच्या थोडं वर असणारा रियाल मार्च २०२५मध्ये दहा लाखांपलीकडे गेला. शिक्षक, परिचारिका, निवृत्त माणसं यांच्या पगाराचा आणि पेन्शनचा असा चुरा झाला.

समुद्रावरची किंमत आपले खलाशी मोजतात. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटरची. २०२४मध्ये तिथून रोज साधारण दोन कोटी पिंप तेल जात होतं, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. जुलै २०१९मध्ये इराणने पकडलेल्या ‘स्टेना इम्पेरो’वरच्या २३ जणांत १८ भारतीय होते. एप्रिल २०२४मध्ये पकडलेलं ‘एमएससी एरिज’ तर न्हावा-शेव्याकडे निघालं होतं. त्यावर १७ भारतीय. कोकणातल्या अनेक घरांतली मुलं जहाजांवर नोकरी करतात. आखातात जहाज अडवलं गेल्याची बातमी या घरांत वेगळ्याच काळजीने ऐकली जाते.

१३ जून २०२५ला इस्रायलने इराणवर हल्ला चढवला. २२ जूनला अमेरिकी विमानांनी फोर्दो आणि नतान्झवर बॉम्ब टाकले, इस्फहानवर क्षेपणास्त्रं सोडली. अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबाने हल्ले सुरू झाले त्या दिवशी इराणकडे ६० टक्क्यांचं ४४०.९ किलो युरेनियम होतं. असं सुमारे ४२ किलो आणखी समृद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होतं. यंत्रांचं मोठं नुकसान झालं, पण तपासनीसांना त्यानंतर हा साठा पाहता आला नाही. जुलैच्या सुरुवातीला इराणने संस्थेशी सहकार्यच स्थगित केलं. सप्टेंबरच्या अखेरीस ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परतले. २०१५मध्ये जे जहाजात भरून उघडपणे बाहेर काढता आलं, ते आता आधी शोधावं लागणार आहे. ते दाखवायला इराणला राजी करायचं, तर बदल्यात तेल विकण्याची अशी हमी द्यावी लागेल जी वॉशिंग्टनमधलं पुढचं सरकार एका सहीने मोडू शकणार नाही. तशी हमी देण्याची तयारी अमेरिकेने अजून दाखवलेली नाही.