एका ठशातून किती नाणी?

१९०६ साली नाशिकजवळ, गोदावरी आणि दारणेच्या संगमावर वसलेल्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. मोजदाद झाली तेव्हा आकडा १३,२५० च्या पुढे गेला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,२७० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूच्या नाण्यांवर चैत्य आणि उज्जैन चिन्ह ठोकून त्याने तीच चांदी आपल्या नावावर चालवली. नहपानाचा पराभव याहून ठळक कुठेच वाचायला मिळत नाही.

पण नहपानाने एकूण नाणी पाडली तरी किती? एवढा मोठा ठेवा हाताशी असूनही त्याचे उत्तर या आकड्यात नाही. जमिनीत काय राहिले आणि काय सापडले, हा बराचसा नशिबाचा भाग. टांकसाळीत काय घडले ते सांगतात ठसे.

नहपानाचे नाणे हातात घेऊन पाहावे. वजन सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीतला मजकूर. राजाच्या मुखवट्याची ही रीत ग्रीक राजांच्या नाण्यांवरून वायव्येकडून इकडे आली. ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात. कुठे नाकाचा शेंडा अक्षराला भिडतो, कुठे कान किंचित खाली येतो. जोगलटेंभीची नाणी तपासणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनाही चेहऱ्यांतला हा फरक जाणवला होता. ही सगळी एकाच माणसाची मुद्रा नसावी, असे त्यांना वाटले. ठशाला चीर गेली की त्या चिरेत चांदी शिरते आणि नाण्यावर उठावदार रेघ उमटते. ठोकणी चालू राहते तशी रेघ लांबत जाते. म्हणून एकाच ठशाची नाणी ओळखता येतात, एवढेच नव्हे तर त्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हेही लावता येते. ऐरणीत बसवलेला खालचा ठसा जास्त टिकतो. हातोड्याचा घाव थेट सोसणारा वरचा ठसा लवकर झिजतो. एक बदलतो, दुसरा तोच राहतो, आणि नाण्यांची साखळी जुळत जाते.

पुढचा हिशेब ग्रीक नाण्यांच्या अभ्यासकांनी रुळवला. समजा, १०० नाणी तपासली आणि त्यांत २० वेगळे ठसे दिसले. म्हणजे तेच ते ठसे पुन्हा पुन्हा येत आहेत. मूळचे ठसे फार तर थोडेच जास्त असणार. नाण्यांची संख्या गुणिले दिसलेले ठसे, भागिले दोहोंतला फरक, या साध्या सूत्राने २५ येतात. तेवढ्याच नाण्यांत ६० ठसे दिसले तर तेच सूत्र १५० सांगते. एकदाच दिसलेले ठसे वेगळे मोजायचे, कारण ते आपल्या नमुन्यात काय राहून गेले याचा अंदाज देतात. १०० नाण्यांत असे १५ ठसे असतील, तर त्या काळी पाडलेल्या नाण्यांपैकी साधारण ८५ टक्के नाणी आपल्याला माहीत झालेल्या ठशांतून निघाली होती, असे म्हणता येते. जाइल्स कार्टर आणि वॉरन एस्टी यांनी या गणिताला शिस्त लावली.

इथवर पाया पक्का आहे. खरी अडचण पुढे येते: एका ठशातून नाणी किती? डेल्फीच्या मंदिराचे इसवी सनपूर्व ३३० च्या दशकातले हिशेब दगडावर कोरलेले सापडले. त्यांतली चांदी आणि तिथल्या नाण्यांचे ठसे यांचा मेळ घालून नाण्याच्या दर्शनी बाजूच्या एका ठशामागे २३ ते ४७ हजार नाणी, असा अंदाज निघाला. डेव्हिड सेलवूड यांनी स्वतः ठसे करून नाणी ठोकली. त्यावरून दहा हजारांच्या आसपासचा आकडा पुढे आला. वरच्या उदाहरणातले २५ ठसे घ्या. ठशामागे दहा हजार धरले तर अडीच लाख नाणी, म्हणजे ५०० किलो चांदी. चाळीस हजार धरले तर दोन टन. टी. व्ही. बट्री यांनी १९९३ मध्ये या गुणाकारावर कडक टीका केली. ठसा झिजेपर्यंत वापरलाच असेल कशावरून, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. फ्रांस्वा द कालाताय यांनी त्यावर तोलून उत्तर दिले, आणि मला त्यांचीच बाजू पटते. नेमक्या नाण्यांचा आकडा डळमळीत असला, तरी एका राजाचे ठसे दुसऱ्याच्या पाचपट होते, हे विधान त्याने डळमळत नाही.

आपल्याकडे या गणिताला ताडून पाहायला एक सुंदर साक्ष आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे २४० झाले; त्यांत वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब चोख जुळतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचे, म्हणजे पस्तीसास एक या दराने २,००० सुवर्णांचे दानही नोंदलेले आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर एकट्या या दानात जोगलटेंभीच्या सव्वापाच पट नाणी होती. ठशामागे दहा हजार धरले तरी सात ठशांचे काम!

ठेव्याच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र हवी. टांकसाळीतून निघाल्यावर फारशी न फिरता नाणी पुरली गेली असतील, तर एकाच ठशाची नाणी त्यांत भरमसाट येतात आणि अंदाज खाली घसरतो. म्हणून वेगवेगळ्या ठेव्यांची नाणी एकमेकांशी पडताळावी लागतात. पुनर्मुद्रित नाण्यांचा तर दुहेरी उपयोग: वर गौतमीपुत्राचा ठसा मोजायचा आणि खाली डोकावणारा नहपानाचाही.

आपल्या यवतमाळच्या शेजारी, आताच्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या सुमारे १,६०० नाण्यांचा ठेवा निघाला. वा. वि. मिराशींनी तो वाचला आणि कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी इतिहासात आले. यांतल्या काहींची ओळख जवळजवळ नाण्यांपुरतीच. कुणाची टांकसाळ मोठी होती आणि कुणाची नावापुरती, हे ठसे लावल्याशिवाय सांगता येणार नाही. मला हे काम राजांची नवी नावे शोधण्याइतकेच मोलाचे वाटते.

ठेवा फुटला की हे गणित संपते. चांगली नाणी वेचून विकली आणि झिजलेली वितळवली, तर उरलेल्यांवरून काहीच ठरवता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी लागली, तर ती घासू नका, चिंचेने उजळू नका, वाटून घेऊ नका. आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा.