‘अचीव्ह’ कुठे लिहावे आणि कुठे लिहू नये



दहावी-बारावीनंतर प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस येतात. त्यांत बहुधा ‘अचीव्हमेंट्स’ नावाचा एक रकाना असतो. मुले त्यात भराभर लिहितात : ‘आय अचीव्ह्ड फर्स्ट प्राइज’, ‘आय अचीव्ह्ड सर्टिफिकेट’, ‘आय अचीव्ह्ड टू पास इन फर्स्ट डिव्हिजन’. मेहनत खरी असते, बक्षीसही खरे असते, पण वाचणाऱ्याची नजर आधी चुकीवर जाते आणि मेहनत मागे पडते. म्हणून या अंकात या एकाच क्रियापदाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ही चूक येते कुठून? आपली मुले घरात मराठी बोलतात, इंदूरच्या रस्त्यावर हिंदी बोलतात आणि पेपरात इंग्रजी लिहितात. हिंदीत ‘प्राप्त करना’ हे फार सोयीचे क्रियापद आहे. पुरस्कार प्राप्त किया, उपाधि प्राप्त की, शिक्षा प्राप्त की, सफलता प्राप्त की. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले असल्याने या किल्लीची सोय आम्ही चांगली ओळखतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी आहे.

आधी शब्दाचे मूळ पाहू. ‘अचीव्ह’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात ‘शेफ’ म्हणजे डोके, टोक हा शब्द आहे. एखादी गोष्ट टोकापर्यंत नेणे हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीतला ‘चीफ’ त्याच घराण्यातला. गंमत म्हणजे ‘मिसचीफ’सुद्धा त्याच घरचा, ज्याचा शेवट वाईट झाला ते मिसचीफ! आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे, ‘सिद्धीस नेणे’ किंवा ‘तडीस नेणे’. ज्या वाक्यात ‘सिद्धीस नेले’ हा भाव बसतो, तिथे ‘अचीव्ह’ बहुधा बसते.

आता नियम पाहू.

पहिला नियम : ‘अचीव्ह’ला सहसा कर्म लागते. काय अचीव्ह केले, ते लगेच पुढे आले पाहिजे. सक्सेस, गोल, टार्गेट, एम, रिझल्ट ही त्याची नेहमीची सोबत. ‘शी अचीव्ह्ड हर गोल’ हे वाक्य बरोबर. कर्मणी प्रयोगही होतो : ‘द टार्गेट वॉज अचीव्ह्ड’.

दुसरा नियम : ‘अचीव्ह’नंतर ‘टू’ लावून दुसरे क्रियापद जोडू नये. ‘ही अचीव्ह्ड टू पास’ हे चूक. तिथे ‘ही मॅनेज्ड टू पास’ किंवा ‘ही सक्सीडेड इन पासिंग’ असे लिहावे.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. लिहिण्याआधी स्वतःला विचारावे : ही गोष्ट कोणी दुसऱ्याने आपल्या हातात ठेवली का? तसे असेल तर ‘अचीव्ह’ नको. बक्षीस असेल तर ‘वन’, प्रमाणपत्र असेल तर ‘रिसीव्ह्ड’, नोकरी असेल तर ‘गॉट’. ज्ञान किंवा कौशल्य असेल तर ‘अक्वायर्ड’, गावी पोहोचलो तर ‘रीच्ड’. पदवीसाठी ‘अर्न्ड’ किंवा ‘गॉट’ चांगले. गुणांसाठी ‘स्कोअर्ड’ सरळ वाटते. मात्र एखादा दर्जा किंवा उंची गाठली असेल, तर तिथे ‘अचीव्ह’ शोभते.

आपल्याच गावची उदाहरणे घेऊ. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला. त्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. इथे ‘रिसीव्ह्ड द भारतरत्न’ किंवा ‘वॉज अवॉर्डेड द भारतरत्न’ लिहावे, ‘अचीव्ह्ड’ नाही. ८ डिसेंबर २०११ रोजी होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा केल्या. तिथे ‘सेहवाग स्कोअर्ड २१९ रन्स’. पण पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारा तो सचिन तेंडुलकरनंतर दुसरा खेळाडू. सचिनने ही मजल २०१० साली ग्वाल्हेरला मारली होती. म्हणून ‘ही वॉज द सेकंड मॅन टू अचीव्ह धिस फीट’ हेही बरोबर. धावा स्कोअर केल्या, पराक्रम अचीव्ह केला.

आणखी एक वाक्य लक्षात ठेवा : ‘इंडिया अचीव्ह्ड इंडिपेंडन्स इन १९४७’. स्वातंत्र्य कोणी ताटात वाढून दिले नाही, अनेकांनी ते तडीस नेले. ‘मिळाले’ आणि ‘मिळवले’ यांतला फरक ज्याला मराठीत कळतो, त्याला इंग्रजीतला हा फरक लवकर उमगतो. घरची भाषा इंग्रजीच्या आड येते अशी काही पालकांची समजूत आहे. त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

स्पेलिंगकडेही लक्ष द्या. ‘अचीव्ह’मध्ये आधी ‘आय’, मग ‘ई’. ‘रिसीव्ह’मध्ये उलट, ‘सी’नंतर आधी ‘ई’, मग ‘आय’. ‘अचीव्हमेंट’ लिहिताना ‘व्ही’नंतरचा ‘ई’ गाळू नये.

शेवटी पालकांना एक विनंती. त्या रकान्यात फक्त ढाली आणि चषक मोजू नका. ज्या मुलाने अडखळत बोलण्यावर मात करून वर्गापुढे भाषण केले, ज्या मुलीने आजारपणात बुडालेला अभ्यास परीक्षेआधी पूर्ण केला, त्यांना कोणी प्रमाणपत्र दिलेले नसते. पण ‘अचीव्ह’ हा शब्द खरा शोभतो तो त्यांनाच. अशी मुले तो रकाना कोरा सोडून येतात, याचे आम्हाला वाईट वाटते. विश्वस्त मंडळींनाही सुचवावेसे वाटते की वार्षिक अहवालात बक्षिसांच्या यादीशेजारी अशा मुलांसाठी चार ओळी राखून ठेवाव्यात.

विद्यार्थ्यांनी या आठवड्यात एवढे करावे : वर्षभरात आपण तडीस नेलेली एक गोष्ट ‘अचीव्ह’ वापरून लिहावी आणि मिळालेली एक गोष्ट ‘वन’ किंवा ‘रिसीव्ह्ड’ वापरून. दोन्ही वाक्ये इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावीत. निवडक वाक्ये शाळेच्या फलकावर लावू.