स्वस्त जहाजांचा महाग धडा

लढाऊ जहाजें बांधणें हें जितकें शौर्याचें, तितकेंच हिशेबाचें काम आहे. हा हिशेब चुकला म्हणजे श्रीमंत राष्ट्राचीहि कशी फजिती होते, याचा दाखला अमेरिकेच्या किनारी युद्धनौकांनीं घालून दिला आहे.

या शतकाच्या आरंभीं अमेरिकन नौदलानें असा बेत केला कीं, ४० नॉटांच्या वेगानें धांवणारीं, उथळ पाण्यांत शिरणारीं लहान जहाजें करावीं. सुरुंग, पाणबुडी किंवा चपळ होड्या, जसा शत्रु तशी सामग्री त्यांवर चढवावी. आणि खलाशी थोडे ठेवून पगार वांचवावा. सामग्रीखेरीज एका जहाजाची किंमत अजमासें २२ कोटी डॉलर धरली होती. कागदावर बेत नामी दिसला. परंतु नकाशे पुरे होण्यापूर्वींच बांधकामास हात घातला गेला. नियम मध्येंच बदलले. झालेलें काम मोडून पुन्हां करावें लागलें. पहिल्या दोन जहाजांस प्रत्येकीं ६० कोटींहून अधिक डॉलर पडले!

पुढें स्पर्धेमुळें किंमत कांहींशी उतरली, हें खरें. पण दोन नमुन्यांपैकीं एक निवडावयाचा, तों २०१० सालीं दोन्ही घेण्याचें ठरलें. एक पोलादी, दुसरा तीन सांगाड्यांचा व ॲल्युमिनियमचा; अर्थात् यंत्रें दोन, सुटे भाग दोन, शिक्षणहि दोन. पोलादी नमुन्याच्या दंतचक्रांत दोष निघाला. सुरुंगांवरील सामग्री पहिलें जहाज दाखल झाल्यावर १४ वर्षें उलटून गेल्यावर, २०२३ सालीं, कामास योग्य ठरली. पाणबुड्यांवरील सामग्री तर सोडूनच दिली. २०१८ सालीं दाखल झालेलें 'सू सिटी' २०२३ सालीं, पांच वर्षेंहि न भरतां, निवृत्त झालें. अशा जहाजानें २५ वर्षें चाकरी करावी अशी अपेक्षा होती.

आमच्या व्यापारी वाचकांस यांतील मर्म सांगावयास नको. खरेदीची किंमत म्हणजे एकंदर खर्च नव्हे. जो गलबत घेतो त्यानें डागडुजीचीहि तरतूद करावी लागते.

आपल्या देशानें २०१९ सालीं उथळ पाण्यांतील १६ पाणबुडीविरोधी नौकांचे करार केले. त्यांपैकीं पहिली, वसईनजीकच्या किल्ल्याचें नांव धारण करणारी 'अर्नाळा', जून २०२५ मध्यें नौदलांत दाखल झाली. शिवाय सहा वेगवान क्षेपणास्त्र-नौकांसाठीं मार्च २०२३ मध्यें कोचीनच्या गोदीशीं ९,८०५ कोटी रुपयांचा करार झाला. या नौका हव्यात, याविषयीं आमचा वाद नाहीं. कोंकणचा किनारा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्यांची गरज पटवावी लागत नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, नकाशा पुरा झाल्यावांचून पत्रा कापूं नये. एका नौकेवर दहा कामें लादूं नयेत. आणि आयुष्यभराच्या देखभालीचा आंकडा खरेदीच्या आंकड्याबरोबरच संसदेपुढें ठेवावा. पैसा रयतेचा आहे, आणि बिघडलेल्या जहाजावर प्राण पणास लावणारे खलाशीहि तिचेच पुत्र आहेत. म्हणून हिशेब मागणें हा देशद्रोह नसून देशसेवाच होय.