ब्रॅडफील्डचे रान

इंग्लंडला जाणारा आपला माणूस लंडन पाहतो, ऑक्सफर्ड-केंब्रिज पाहतो आणि सवड उरलीच तर वायव्येकडच्या सरोवरांच्या बाजूला एखादी फेरी मारून येतो. तिथल्या रानात मात्र सहसा कुणी पाऊल टाकीत नाही. कारणही उघड आहे. मेळघाट किंवा कोयनेचे खोरे ज्याने पाहिले आहे, त्याला इंग्लंडातले दोनशे एकरांचे रान म्हणजे एखाद्या इनामदाराची आमराईच वाटायची! अर्ध्या-पाऊण तासात माणूस या टोकाचा त्या टोकाला जातो. वाघ नाही, अस्वल नाही, लांडगासुद्धा केव्हाच संपला. मग तिथे पाहायचे तरी काय?

पाहायचे ते वय. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात बेरी सेंट एडमंड्स नावाचे जुने शहर आहे. त्याच्या आग्नेयेला सहा-सात मैलांवर ब्रॅडफील्ड वुड्स हे रान लागते. या रानाच्या निगराणीचा माग थेट १२५२ सालापर्यंत जातो. आपल्याकडे तेव्हा देवगिरीवर यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वरांचा जन्म अजून व्हायचा होता. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या माणसे कुऱ्हाडी घेऊन या रानात येत आहेत, लाकूड तोडून नेत आहेत. आणि रान आहे तिथे आहे.

इतकी कुऱ्हाड चालूनही रान टिकले, असे आपल्याला वाटते. खरी गोष्ट अशी की कुऱ्हाड चालली म्हणूनच ते या रूपात टिकले. हे जरा उलगडून सांगायला हवे.

ऊस तोडला म्हणजे त्याच्या बुडख्यातून पुन्हा फूट येते आणि तिला आपण खोडवा म्हणतो. इंग्लंडातल्या ॲश, हेझल, आल्डर या झाडांचे तसेच आहे. हिवाळ्यात झाड जमिनीलगत तोडले की वसंतात त्या बुंध्यातून दहा-वीस सरळ, सडसडीत फुटवे वर येतात. वीस-पंचवीस वर्षांनी ते मनगटाएवढे, मांडीएवढे झाले की पुन्हा तोडायचे, पुन्हा फूट येते. सगळे रान एकदम तोडीत नाहीत. त्याचे तुकडे पाडलेले असतात आणि दर हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या तुकड्याची पाळी येते. आपल्या जंगलखात्याच्या बोलीत सांगायचे तर एकेक कूप. मधूनमधून ओकची झाडे मात्र उभी राखतात, ती घराच्या तुळयांसाठी. म्हणजे इमारती लाकूड वेगळे, रोजच्या गरजेचे बारीक लाकूड वेगळे, आणि दोन्ही एकाच रानातून.

आणि या बारीक लाकडाचे उपयोग तरी किती! सरपण तर झालेच. हेझलच्या काठ्या विणून मेंढरे कोंडायच्या ताट्या करीत. त्याच काठ्यांवर माती लिंपून कुडाच्या भिंती उभ्या राहत. होय, अगदी आपल्या कोकणातल्या कुडासारख्याच. गवताने शाकारलेल्या छपराच्या खिळकाठ्या याच, घेवड्याच्या वेलाला आधार याचाच. शेजारच्या वेलनेथम गावात गवत ओढायची दाताळी करण्याचा एक कारखाना होता, तो विसाव्या शतकातही याच रानाच्या लाकडावर चालत असे.

पूर्वी हे रान बेरीच्या मठाचे होते. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात तो मठ मोडला, मालक बदलले. पण तोडीचा क्रम काही बदलला नाही. जनावरांनी शिरून कोवळी फूट खाऊ नये म्हणून अशा जुन्या रानांच्या कडेने चर खणून आतल्या बाजूला मातीचा बांध घालीत. रानाच्या काठाने चालताना हे बांध पाहायला विसरू नये. राजवाड्यांइतकीच ती जुन्या लोकांची बांधकामे आहेत, फक्त त्यांच्यावर तिकीट नाही.

या रानात ॲशचा एक बुंधा आहे. बुंधा म्हणण्यापेक्षा बुंध्याचे कडे म्हणावे, कारण मधला भाग केव्हाच कुजून गेला आणि झाड बाहेर बाहेर पसरत राहिले. त्याचा व्यास सुमारे अठरा फूट भरतो आणि वय हजार वर्षांच्या घरात धरतात. न तोडलेला ॲश दोन-तीनशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. हा मात्र दर पंचवीस वर्षांनी तोडला गेला, म्हणून दर पंचवीस वर्षांनी नव्याने जन्मला.

आता फुलांकडे वळू. तोड झालेल्या कुपात एकदम ऊन उतरते. इतकी वर्षे सावलीत दबून राहिलेली रोपटी दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात अशी फुलतात की जमीन दिसेनाशी होते. पांढरी ॲनिमोनी, जांभळी ऑर्किड आणि ऑक्सलिप. ऑक्सलिपचा फिका पिवळा झुबका एका अंगाला झुकलेला असतो, आणि ब्रिटनमध्ये ते सफोक, केंब्रिज, एसेक्स या टापूतल्या जुन्या रानांबाहेर फारसे आढळत नाही. मग हेझल वाढते, दाट होते. त्या दाटीत डॉरमाउस राहतो. हा सोनेरी रंगाचा, झुबकेदार शेपटीचा लहानगा प्राणी अर्धे वर्ष झोपून काढतो! नाइटिंगेलला घरटे करायला हीच दाटी लागते. आपल्याकडे नाइटिंगेलला सर्रास ‘बुलबुल’ म्हणून टाकतात, ते काही खरे नव्हे. तो वेगळाच, साधा तपकिरी पक्षी आहे. एप्रिलमध्ये आफ्रिकेहून येतो आणि रात्रीही गातो. अलीकडे ब्रिटनमध्ये त्याची संख्या फार घटली आहे, आणि अशी तोडीची राने कमी झाली हे त्याचे एक कारण मानतात.

ॲनिमोनीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिचे बी क्वचितच रुजते, जमिनीखालच्या मुळकांडाने ती पसरते, आणि तो वेग शंभर वर्षांत सहा फूट! तेव्हा रान तोडले तर ते परत येते. पण रान खणून काढले तर नवी झाडे लावून ती फुले मिळत नाहीत. १६०० सालाच्या आधीपासून जे रान सलग आहे त्याला इंग्लंडात प्राचीन रान म्हणतात, आणि ब्रिटनच्या एकूण जमिनीपैकी अशी राने अवघी अडीच टक्के उरली आहेत.

ब्रॅडफील्डवर हाच प्रसंग आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्याची निकड, यंत्रांची सोय आणि कोळसा-तेलामुळे सरपणाला उतरलेला भाव अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. देशभर जुनी राने कुठे उपटून नांगराखाली घातली गेली, तर कुठे झाडे मारून त्यांच्या जागी सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा उभ्या केल्या. मंक्स पार्क हा ब्रॅडफील्डचा एक भाग. १९६० नंतरच्या दशकात त्याचा मोठा हिस्सा मुळासकट निघाला. सातशे वर्षे कुऱ्हाडीने जे केले नाही, ते बुलडोझरने थोड्या दिवसांत केले. गावच्या लोकांनी ओरड केली, आणि १९७० साली उरलेले रान निसर्गरक्षणासाठी विकत घेतले गेले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी अशा रानांचा इतिहास जुनी दफ्तरे आणि प्रत्यक्ष बुंधे या दोहोंवरून लिहिला. रान लाकूडतोड्यामुळे मरत नाही, नांगरामुळे मरते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले. आता हे रान सफोक वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे आणि तोड पूर्वीसारखीच चालू आहे.

म्हणजे सगळे ठीक झाले असे मात्र नाही. ॲशची झाडे वाळवणारा एक बुरशीचा रोग २०१२ साली ब्रिटनमध्ये प्रथम आढळला, आणि ॲश हे तर या रानाचे मुख्य झाड. दुसरा त्रास हरणांचा. त्यातले मंटजॅक हे आपल्या भेकराचे चुलतभाऊ. ते मूळ चीनकडचे. उद्यानांत हौसेने आणून ठेवले आणि तिथून सुटले. तोडीनंतरची कोवळी फूट ते खाऊन टाकतात, आणि फूटच खाल्ली तर खोडवा कसला! म्हणून तोडलेल्या कुपाभोवती फांद्यांचे कुंपण रचावे लागते. मठाच्या काळी बांध घालीत, आता हे.

जायचे झाले तर केंब्रिजहून आगगाडीने बेरी सेंट एडमंड्सला उतरावे; पाऊण तासाचा प्रवास. पुढे मोटार हवी. एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पूर्वार्ध हे दिवस सर्वांत चांगले. पायात रबरी बूट असावेत. जमीन चिकणमातीची आहे आणि वसंतातही घोटाभर चिखल असतो. पायवाट सोडू नये, कारण ॲनिमोनीवर पडलेला पाय भरून यायला वर्षे लागतात. आत गेल्यावर आधी यंदा तोडलेला कूप पाहावा. उघडे बुंधे, रचलेल्या मोळ्या, तुडवलेली माती; पहिल्याने पाहणाऱ्याला वाईटच वाटते. मग तीन वर्षांपूर्वी तोडलेला शोधावा. पाटीवर साल लिहिलेले नसले तरी तो ओळखायला अडचण पडत नाही.