धुण्याचे यंत्र आणि मागची पडवी

थंड देशांत पुष्कळ घरी धुण्याचे यंत्र तळघरात असते. आपल्या मिठबावच्या कौलारू घराला तळघर कुठले? यंत्र येते ते मागच्या पडवीत. सारवलेल्या जमिनीवर ते डुगडुगते. म्हणून आधी चिऱ्यांचा, वरून सिमेंट केलेला सपाट ओटा हवा. टाकीच्या प्रत्येक मीटर उंचीमागे पाण्याला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. टाकी बुटकी असेल तर कळशीने भरता येणारे अर्धस्वयंचलित यंत्र बरे. सांडपाणी विहिरीपासून दूर न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे ते अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन सुकली की ते दुबळे होते. त्याच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. शिवाय वीज गळताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावाच. कारण ओल्या पायांनी त्या यंत्रापाशी उभी राहणार ती आपली आईच!