निकालापलीकडचं विद्यापीठ

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग मागे पडते, पिरनवाडी जाते आणि मच्छे येतं. एकीकडे कारखाने, दुसरीकडे भाताची शेतं, आणि संतिबस्तवाडच्या वाटेवर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’ परिसर. सीमाभागात ते ‘व्हीटीयू’ म्हणूनच सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल लागला का, किती विषय राहिले, फेरतपासणीचा अर्ज कधी भरायचा, एवढ्यापुरताच त्याचा घराघरांशी संबंध येतो. तिथले आणि आसपासच्या संस्थांमधले प्राध्यापक वर्ग संपल्यावर काय शोधत असतात, हे आपण सहसा विचारत नाही. ते विचारायला हवं, कारण त्यातलं बरंचसं आपल्याच परिसरातून उचललेलं आहे.

व्हीटीयूची स्थापना 1998 सालची. कर्नाटकभरची दोनशेच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली, त्यामुळे त्याचं संशोधन एका आवारात मावत नाही. महाविद्यालयांतल्या विभागांना संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळते आणि पीएच.डी.चं काम तिथेच चालतं. म्हणूनच मच्छेचं नाव असलेल्या संशोधनात 2010 च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून सुटलेला, किलोभरापेक्षाही कमी वजनाचा ‘स्टडसॅट’ उपग्रहही धरावा लागतो. कर्नाटक आणि आंध्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी तो प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली बांधला. आणि उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटच्या स्थापत्य विभागात टाकाऊ प्लास्टिकचे तंतू काँक्रीटमध्ये मिसळून त्याची ताकद तपासली गेली, तेही याच विद्यापीठाचं काम. उद्यमबाग आणि मच्छे हा फाउंड्र्यांचा पट्टा. साचे मोडल्यावर उरणाऱ्या काळ्या वाळूचे ढीग इथल्या माणसाला रोज दिसतात. ही वाळू काँक्रीटमध्ये किती प्रमाणात चालेल, यावर देशभर प्रयोग झाले आहेत. असा प्रश्न बेळगावच्या प्रयोगशाळेत आला, तर वाळू आणायला दूर जावं लागत नाही.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, त्या विश्वेश्वरय्यांची घडण मराठी मुलखात झाली, हेही इथे सांगायला हवं. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या सांडव्यावर 1903 मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. भिंत न वाढवता तलावात जादा पाणी राहू लागलं. नोकरीतल्या अभियंत्याने समोरच्या अडचणीतून काढलेलं हे संशोधनच होतं.

पण बेळगावचं नाव जगभरच्या संशोधकांच्या तोंडी गेलं ते अभियांत्रिकीमुळे नव्हे, बाळंतपणामुळे. हे काम केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर केलं, आणि सविस्तर सांगावं असंच ते आहे.

बाळंतिणीच्या मृत्यूचं जगातलं एक मोठं कारण म्हणजे वार पडल्यानंतर न थांबणारा रक्तस्राव. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खेड्यात बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात व्हायचं. तिथे फ्रिज कुठला आणि डॉक्टर कुठले? असायची ती नर्सबाई. मिसोप्रोस्टॉल ही साधी गोळी फ्रिजशिवाय टिकते आणि तोंडाने घेता येते. ती रक्तस्राव रोखील का, हा प्रश्न होता. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1620 बायकांवर त्याची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून 812 जणींना खरी गोळी आणि 808 जणींना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या आणि रक्त मोजलं ते 25 नर्सबाईंनी.

रक्त मोजलं, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. तोवर रक्तस्राव नजरेनेच जोखला जाई. इथे बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकचं एक आवरण अंथरलं. त्याच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा नजरेचा अंदाज जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरतो असं दिसलं. अनुभवी डोळाही फसत होता. वेळेवर हालचाल न होण्याचं एक कारण तिथेच होतं.

2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. अतितीव्र रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर उतरला. अठरा जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास व्हायचे, पण ते तात्पुरते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतिणीचा रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या निर्णयामागच्या पुराव्यात बेळगावच्या खेड्यांतल्या बायकांचा वाटा आहे.

पुढे 2020 साली अ‍ॅस्पिरिनची चाचणी प्रसिद्ध झाली. गरोदरपणात रोज छोट्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेतल्याने मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोका कमी होतो का, हे सहा देशांत पाहिलं गेलं. भारतातली केंद्रं दोन, बेळगाव आणि नागपूर. तिथेही उत्तर होकारार्थी आलं.

एक गोष्ट मला खटकते. अशा कुठल्याही चाचणीत भाग घेणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगून संमती घ्यावी लागते. आपल्या भागात म्हणजे कानडीत किंवा मराठीत. प्रश्न तिच्या भाषेत विचारले जातात, उत्तरंही तिच्या भाषेत येतात. निष्कर्ष मात्र इंग्रजीत छापून निघतात आणि तिकडेच राहतात. जिच्या बाळंतपणाने जगाला एक उपाय दिला, तिच्या लेकीलाही ते ठाऊक नसावं, हे मला अन्यायाचं वाटतं. व्हीटीयूचे प्रबंध असोत, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातले असोत, प्रत्येकासोबत आठ-दहा पानी सारांश कानडीत आणि मराठीत निघाला पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणेन. सारांश भाषांतरकाराकडे सोपवू नये, संशोधकानेच लिहावा. आपल्या माणसाला सांगायला बसलं की काय कळलंय आणि काय नाही, ते त्याचं त्यालाही उमगतं.

उलट दिशेने, म्हणजे लोकांकडून प्रयोगशाळेकडे, ज्ञान नेण्याचं काम बेळगावातली राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था करते. 2006 साली ती प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या, हाड बसवणाऱ्या आणि झाडपाला देणाऱ्या जाणत्यांकडून वनस्पतींची माहिती टिपली. मोडलेल्या हाडांवरच्या वनस्पतींचा त्यांचा लेख 2012 सालचा आहे. ग्रंथात नसलेली ही विद्या वयस्कांच्या तोंडीच आहे आणि पुढची पिढी ती घ्यायला फारशी तयार नाही. हे काम मला निकडीचं वाटतं ते त्यामुळेच.

शेतीचं संशोधन धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडे. संकेश्वरच्या त्यांच्या केंद्रात उसाच्या जाती निघाल्या, त्या ‘एसएनके’ या खुणेने ओळखल्या जातात. खपली गव्हावरचं त्यांचं काम मला अधिक जवळचं वाटतं. जुना खपली उंच वाढतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. धारवाडकरांनी ‘डीडीके’ मालिकेत बुटके, न लोळणारे वाण दिले. बेळगावपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत खीर आणि पुरणपोळीसाठी जो गहू मुद्दाम शोधला जातो, तो शेतात टिकायला त्याने मदत झाली. निपाणीच्या केंद्रात विडीच्या तंबाखूवर काम चालतं. मात्र 1981 मध्ये निपाणीचा शेतकरी रस्त्यावर बसला तो वाणासाठी नव्हे, भावासाठी. त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली. पिकाचं संशोधन करणाऱ्यांइतकेच बाजाराचं संशोधन करणारेही विद्यापीठात हवेत, हे निपाणीइतकं दुसऱ्या कुठल्या गावाने दाखवलेलं नाही.

निपाणीच्या पुढे अर्ध्या-पाऊण तासावर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, 1962 सालचं. सीमाभागातली कितीतरी मुलं तिथे शिकली. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी सह्याद्रीचे सडे आणि कडे धुंडाळत राहिले. कंदीलपुष्प हा त्यांचा विशेष अभ्यासाचा विषय. या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. चिलट आत शिरलं की अडकतं, केस सुकले की सुटतं आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातं. नाशिकजवळच्या अंजनेरीवरच्या एका जातीची नोंद त्यांनी 2006 मध्ये केली आणि तिला त्या डोंगराचं नाव दिलं. विशाळगडावर अलीकडे सापडलेल्या जातीला शिवरायांचं नाव मिळालं, त्या शोधातही यादव होते. दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवून जपण्याचं कामही या मंडळींनी केलं.

हे सगळं वाचायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट उघडतात. विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव निवडलं की वर्षागणिक यादी समोर येते. घरात अभियांत्रिकीला जाणारं पोर असेल, तर महाविद्यालय निवडण्याआधी तिथल्या विभागातून गेल्या पाच-सात वर्षांत कोणते प्रबंध निघाले, ते त्याच्याबरोबर बसून पाहावं. आणि फाउंड्री चालवणाऱ्या मच्छेच्या उद्योजकाने वाळूवरचा एखादा प्रबंध उघडून, त्यातल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना सरळ फोन करावा.