दोन दारांचा करार

घर बदलणें हें लग्न ठरविण्यासारखें आहे. पाहणाऱ्यांस तें चार दिवसांचें काम वाटतें. ज्यांस निभवावयाचें असतें त्यांस त्याचा अर्थ वर्षभरानें कळूं लागतो. आम्हांस नागपुरांतील महालांतला वाडा सोडून मनीषनगरच्या बाजूस एका सात मजली इमारतीच्या पांचव्या मजल्यावर राहावयास येऊन नुकतेंच वर्ष झालें. वास्तुशांत झाली, पेढे वांटले, पितळेचीं भांडीं माळ्यावर गेलीं, आणि पत्त्यांत वाड्याच्या नांवाऐवजीं तीन आंकडे आले. आमचें दार पांचशें दोन. समोरचें, थोरल्या बंधूंचें, पांचशें तीन. मधल्या जागेचें माप आम्हीं एकदां फीत लावून घेतलें, तें बरोबर सात फूट भरलें. हे सात फूट ओलांडावयास आम्हांस वर्ष कां लागलें, तेवढेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

वाडा आजोबांनीं बांधलेला. पहांटे कल्याणेश्वराच्या घंटेचा नाद कानीं यावा, दिवसभर गल्लींतील वर्दळ चालावी, आणि सायंकाळीं ओसरीवर कोणी ना कोणी टेकलेला असावा, असा त्याचा दिनक्रम. त्या ओसरीवर आम्हां दोघां भावांचा एक वाद चाळीस वर्षें अखंड चालला. सकाळीं चहाचा पेला आणि वर्तमानपत्र आलें कीं वादास आरंभ होई आणि आंतून वहिनींची 'भावजी, पाणी तापलें आहे' ही हांक आली कीं तो दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब होई. विषय एकच : विदर्भ वेगळा असावा कीं महाराष्ट्रांत असावा.

दादांचा पक्ष वेगळ्या विदर्भाचा. त्याचें मूळ घरांतच होतें. आमचे वडील जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सचिवालयांत कारकून होते. १९५६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळास गेली, आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत सामील झाले. दादा तेव्हां पांच वर्षांचे. वडिलांच्या कचेरींतील स्नेही लोखंडी ट्रंका घेऊन कोणी भोपाळास, कोणी मुंबईस गेले, आणि ज्या ओसरीवर रोज दहा माणसें बसत तेथें वडील एकटेच बसूं लागले, हें चित्र दादांच्या डोळ्यांपुढून कधीं गेलें नाहीं. 'फाजलअली आयोगानें १९५५ सालीं विदर्भाचें वेगळें राज्य सुचविलें होतें, तें कोणीं ऐकलें?' हा त्यांचा पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही.

आमचा पक्ष संयुक्त महाराष्ट्राचा. भाषा एक, संत एक, पंचांग एक, मग चुली दोन कशाला, असें आम्ही म्हणत असूं. १९५३ च्या सप्टेंबरच्या २८ तारखेस विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र या तिन्ही विभागांच्या पुढाऱ्यांनीं नागपूर करार केला. वर्षांतून कांहीं काळ सरकारानें नागपुरास यावें, विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन येथें भरावें, उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथें असावें, नोकऱ्यांत व खर्चांत लोकसंख्येप्रमाणें वांटा मिळावा, असें त्यांत ठरलें. १९६० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्र झाला आणि त्याच सालापासून नागपुरास अधिवेशन भरूं लागलें. 'करार लेखी आहे, दादा,' असें आम्ही म्हणावें. 'लेखी आहे म्हणूनच वाचावयास मिळतो,' असें त्यांनीं म्हणावें. वर्गांत मुलांस समास शिकवितांनाही आम्ही हाच दाखला देत असूं. तत्पुरुषांत दुसरें पद मुख्य, पहिलें त्याच्या आश्रयास. द्वंद्वांत मात्र दोन्ही पदें मुख्य. महाराष्ट्र हा द्वंद्व समास आहे, तत्पुरुष नव्हे. दादा हंसत आणि म्हणत, 'व्याकरण तुझें शुद्ध आहे, बापू; विग्रह तेवढा मुंबईवाल्यांना विचार.'

अशा या आम्हां दोघांपैकीं वाडा विकण्यास आधीं कोण तयार झाला असेल? वेगळेपणाचा कैवारी दादा, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति उलट होती. माडीचें लांकूड वाळवीनें पोखरलें होतें, पावसाळ्यांत तीन खोल्यांत पातेलीं मांडावीं लागत, आमच्या गुडघ्यांस जिना सोसेना, आणि मुलगा व सूनबाई यांना नोकरीचें ठिकाण दूर पडे. चुलतभावांचे वांटे निराळेच. बांधकाम करणारा कागद घेऊन आला तेव्हां पहिली सही आम्हीं केली. दादांनीं सही शेवटीं केली, आणि करतांना एकही शब्द बोलले नाहींत. प्रांत एकत्र राहिला पाहिजे म्हणून चाळीस वर्षें घसा कोरडा करणारे आम्ही घर मोडावयास सर्वांपुढें होतों, आणि फुटून निघण्याची भाषा बोलणारे दादा शेवटची तुळई धरून बसले होते. हा विरोध आम्हांस तेव्हां दिसला नाहीं. दिसला असता तरी सही थांबली असती असें प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. वाळवी ही कांहीं मतभेदाची गोष्ट नव्हे.

नव्या घरास दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. नळाला पाणी आहे, लिफ्ट आहे, स्वयंपाकघरांत धूर नाहीं. आमच्या सौभाग्यवतीस साठीनंतर प्रथमच स्वतःची अशी खिडकी मिळाली, आणि तेथून त्यांना दूरवर वर्धा मार्गावरची मेट्रो जातांना दिसते. २०१९ च्या मार्चांत ती सुरू झाली तेव्हां महालांतल्या आम्हां मंडळींस तिचें अप्रूप नव्हतें. आतां सीताबर्डीस जावयाचें तर आम्ही तिनेंच जातों. तथापि या इमारतींत एक वस्तु नाहीं, ती म्हणजे ओसरी. वाड्यांत माणूस घरांत आहे कीं बाहेर याचा निर्णय करणें कठीण असे. येथें तो निर्णय दार करतें. तें आपोआप लागतें, आणि लागलें कीं आंतल्या माणसास बाहेरची हांक ऐकूं येत नाहीं. भेटावयाचें तर घंटा वाजवावी लागते. घंटा वाजवावयाची तर कारण असावें लागतें. आणि भावाकडे जावयास कारण शोधणें आम्हांस कधीं शिकविलेलें नव्हतें.

पहिले दोन महिने वर्तमानपत्र दोन्ही घरीं येऊं लागलें, तेंही निराळें निराळें. वाद थांबला. आम्हांस प्रथम शांत वाटलें, मग सुनें वाटलें, मग त्याची संवय झाली, आणि ही संवयच सर्वांत वाईट. आमचा आठ वर्षांचा नातू मात्र दोन्ही घरांत सारखाच वावरे. एके दिवशीं तोच म्हणाला, 'मोठे आजोबा आतां पेटी वाजवत नाहींत. पेटीवर त्यांनीं औषधांचा डबा ठेवला आहे.'

दादांची पेटी ही आमच्या घराची घड्याळाहून जुनी खूण. पहांटे पांच वाजतां ते भटियाराचे स्वर धरीत, आणि वाड्यांत त्याची तक्रार कोणीं केली नव्हती. येथें शेजारीं एक तरुण गृहस्थ राहतात. ते रात्रपाळी करून पहांटे चारला परततात. त्यांनीं अत्यंत नम्रपणें सांगितलें कीं पांच वाजतां त्यांची पहिली झोप लागते. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत मोठा आवाज करूं नये असा देशाचा नियमही २००० सालापासून आहे. चूक कोणाचीच नव्हती. दादांनीं 'बरें' म्हटलें आणि पेटी बंद केली. पहांटेची नव्हे, कायमची. त्याच सुमारास वहिनी आमच्या सौभाग्यवतीजवळ हळूच बोलल्या कीं 'हे' पुण्यास मुलीकडे राहावयास जाण्याचें मनांत घेत आहेत, आणि हें घर भाड्यानें देणार. समोरचें दार दुसऱ्या कोणाचें होणार, ही कल्पना आम्हांस त्या दिवसापर्यंत शिवली नव्हती.

काय करावें तें सुचेना. वडील माणसास 'जाऊं नका' म्हणण्यास देखील ओसरी लागते. शेवटीं मार्ग निघाला तो सिनेमाच्या निमित्तानें. सूनबाईनें एका रविवारीं दूरचित्रवाणीवर 'मी वसंतराव' लावण्याचें ठरविलें आणि नातवास समोर धाडलें. २०२२ सालचा हा चित्रपट निपुण धर्माधिकारी यांचा. त्यांत वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीं केली आहे, आणि त्यांतील गायनाबद्दल त्यांस राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. वसंतराव आमच्या दादांचें दैवत. मूर्तिजापुरास १९२० सालीं जन्मलेला हा मुलगा आईनें नागपुरांत वाढविला. शंकरराव सप्रे यांजकडे तो येथेंच गाणें शिकला. पुढें पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत वर्षानुवर्षें नोकरी करीत गाणें सांभाळलें. सिव्हिल लाइन्समधील मोठ्या सभागृहास आज त्यांचेंच नांव आहे. दादा आले, खुर्ची नाकारून सतरंजीवर भिंतीला टेकून बसले, आणि दोन अडीच तास हालले नाहींत.

चित्रपट संपल्यावर बोलणें अर्थातच 'कट्यार काळजात घुसली'वर आलें. १९६७ सालचें तें नाटक आमच्या नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनीं लिहिलेलें, संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि खांसाहेबांची भूमिका वसंतरावांची. नागपुरास प्रयोग लागला तेव्हां दादांनीं आपल्या पैशानें आम्हांस नेलें होतें. आम्ही तेव्हां शाळेंत होतों आणि दुसऱ्या अंकांत झोंपलों, हें त्यांनीं आजतागायत विसरूं दिलेलें नाहीं. २०१५ सालीं त्यावर सुबोध भावे यांनीं काढलेला चित्रपट आम्ही सर्वांनीं मिळून पाहिला होता. सूनबाईनें सहज विचारलें, 'दादा, त्या खांसाहेबांना राजगायकपद मिळालें, हवेली मिळाली, कट्यार मिळाली. मग त्यांना एवढी तळमळ कशाची?'

दादांनीं थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, 'अग, हवेली जिंकतां येते. त्या हवेलींत आधीं जें गाणें मुरलेलें असतें तें किल्ल्यांबरोबर मिळत नाहीं. खांसाहेबांचें दुःख तें. आणि तो सदाशिव बघ. त्याला हवेलींत जागा नाहीं, पण चोरून ऐकतां ऐकतां गाणें त्यालाच सांपडतें.' इतकें बोलून ते आमच्याकडे वळले. 'बापू, तुला हवेली लाभली रे. मला अजून नाहीं.'

आम्हीं सहीबद्दल क्षमा मागावी असें मनांत आलें. पण सासष्टाव्या वर्षीं धाकटा भाऊ क्षमा मागूं लागला तर थोरल्यास अधिकच अवघडल्यासारखें होतें. म्हणून आम्हीं जुनाच विषय काढला. डिसेंबर महिना होता, अधिवेशनासाठीं नगरांत बंदोबस्त लागला होता. आम्ही म्हणालों, 'दादा, तुमचें मुंबईचें सरकार आलें बरें का गांवांत.'

ठिणगी पडली. 'आलें! दोन आठवड्यांचे पाहुणे! आणि २०२० सालीं व २०२१ सालीं कोठें होतें? साथ होती म्हणे. मुंबईस साथ नव्हती? तेथें अधिवेशनें झालींच कीं!' आम्ही म्हणालों, '२०२२ पासून पुन्हां येथें भरलें ना?' दादा ताठ बसले. 'बापू, तूंही त्या सरकारासारखाच. सात फुटांवर राहतोस आणि दसरा-दिवाळीस अधिवेशन भरवतोस. करारांत रोज यावयाचें कलम होतें.' हें बोलतांना त्यांचा आवाज जरा कांपला, आणि वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. आमच्या चाळीस वर्षांच्या वादांत प्रथमच आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, कारण प्रथमच दादांचें म्हणणें सर्वस्वीं खरें होतें.

त्याच रात्रीं नातवाच्या वहींतील एका पानावर करार लिहिला गेला. कलमें चार. पहिलें : वर्तमानपत्र एकच यावें आणि तें पांचशें तीनमध्यें वाचलें जावें. दुसरें : सकाळीं सात ते नऊ दोन्ही दारें उघडीं असावींत, दाराशीं विटेचा टेकू लावावा. तिसरें : रविवारचा गोळाभात एकाच घरीं शिजावा, घर पाळीपाळीनें. चौथें : पेटी सायंकाळीं सहा वाजतां वाजावी. हें चौथें कलम शेजारच्या तरुण गृहस्थांस विचारून घातलें; ते म्हणाले, 'सहाला मी उठून चहा घेत असतों, अवश्य वाजवा.' नातवानें साक्षीदार म्हणून सही केली आणि इकारान्त आडनांव ऱ्हस्व लिहिलें. तें आम्हीं दुरुस्त केलें नाहीं.

करार करणें सोपें. पाळणें हेंच राज्य आणि हेंच घर. पहिल्या महिन्यांत आमच्याकडून तीन दिवस चुकले, तेव्हां दादांनीं दारांतूनच 'अनुशेष, अनुशेष' असा पुकारा केला. पुण्याचा बेत मोडला असें त्यांनीं स्पष्ट सांगितलेलें नाहीं. परंतु पेटीवरचा औषधांचा डबा कपाटांत गेला आहे. महालाकडे ते अजून जात नाहींत. वाड्याच्या जागीं पायाचे खड्डे खणले गेले आहेत, आणि ते आम्हीं त्यांस दाखविलेले नाहींत.

वर्गांत आम्ही बहुव्रीहि शिकवितांना सांगत असूं कीं या समासांत दोन्ही पदें गौण असतात आणि अर्थ तिसऱ्याच कोणाचा होतो. आजच्या इमारतींतील बंद दारें पाहिलीं कीं तोच समास आठवतो : दोन घरें शेजारीं, आणि अर्थ बांधणाऱ्याचा. द्वंद्व हवा असेल तर मधला 'आणि' रोज उच्चारावा लागतो. आमच्या मजल्यावर तो सात फुटांचा आहे, आणि सकाळीं सात वाजतां दोन्ही बाजूंनीं विटा लागल्या कीं तो ऐकूं येतो. वाद अर्थात् पुन्हां सुरू झाला आहे. विदर्भाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. तो लवकर लागूं नये, इतकी स्वार्थी इच्छा आम्ही आज प्रथमच जाहीर करीत आहों.